बोक्याचा मालक

"कुत्र्याचं नाव बोका?" खिडकीमागच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"पिल्लू असताना डोळे मिटून दूध प्यायचा," तो ओशाळून हसला. "म्हणून."

तो बोटीवर स्वयंपाकी होता. वर्षातले बरेच महिने पाण्यावर जायचे, उरलेले घरी. घरात बायको एकटी, म्हणून सोबतीला त्यानंच हे पिल्लू आणलं होतं. या वेळी सुट्टीवर आला आणि दुसऱ्याच दिवशी बोका फाटकातून पसार झाला.

"येईल हो, पोटात कावळे ओरडले की," बायको म्हणाली होती.

त्याला मात्र चैन पडेना. त्यानं नाव-वर्णनाचे कागद लिहून भिंतीभिंतीवर चिकटवले. वस्ती त्याला नवखीच होती. जुनं घर गळतंय म्हणून बायकोनं तो बोटीवर असतानाच घर बदललं होतं. शेजारच्या आजीबाईंनी तर कुंपणावरून विचारलंही, "काय पाहुणे, मुक्काम किती दिवस?" ही गंमत त्यानं घरी सांगितली. "त्यांना ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही धड," असं म्हणून बायकोनं गॅस बारीक केला.

शेवटी कुणीतरी नगरपालिकेच्या या प्राणी निवाऱ्याचा पत्ता दिला.

"आहे तुमचा बोका," बाई म्हणाल्या. "गाडीनं जुन्या गिरणीमागून उचलला."

"गिरणीमागे? इतक्या लांब कशाला गेला हा?"

"ते त्यालाच विचारा. पण एक अडचण आहे. काल आणखी एक गृहस्थ येऊन कुत्रा माझा म्हणून सांगून गेले. पट्टा घेऊन येतायत आज. आता येतीलच."

त्याचं डोकंच फिरलं. "चोर असणार! नाव कागदावर वाचलं असेल भिंतीवरच्या."

"असेलही. बसा जरा. दोन मालक उभे राहिले की आम्ही दोघांसमोर जनावर मोकळं सोडतो. बरंचसं कळतं."

तो बाकावर बसला. तेवढ्यात एक जोडपं म्हातारी कुत्री घेऊन आलं. रस्त्यावर सापडली म्हणाले. कुत्री अस्वस्थ होऊन फेऱ्या मारायला लागली, तसा नवरा सवयीनं "बस" म्हणाला. ती गप्पकन बसली. बाईंनी दोरी हातात घेतली. जोडपं मागं न बघता निघून गेलं. कुत्री दाराकडे तोंड करून बसूनच राहिली.

"त्यांचीच होती ती!" तो न राहवून म्हणाला.

"मला का कळत नाही? स्वतःची सोडायला लाज वाटते, म्हणून बेवारस म्हणून देतात."

"मग तोंडावर सांगत का नाही?"

"सांगितलं तर परत नेतील आणि कुठल्यातरी वळणावर सोडून देतील. इथं निदान कुणी दुसरं घर देईल तिला." बाईंनी कुत्रीची मान खाजवली. "या खिडकीशी बसून एक शिकले. खोटं बोलणारा माणूस घाईत असतो."

नंतर आलेला गृहस्थ मात्र अजिबात घाईत नव्हता. साधासा, हातावर ग्रीसचे डाग. खिशातून कोराकरकरीत पट्टा काढून त्यानं नमस्कार केला.

बाईंनी दोघांना मागच्या अंगणात नेलं आणि पिंजऱ्याचं दार उघडलं.

बोका आधी स्वयंपाक्याकडेच आला. शेपूट हलवली, बोटं चाटली. तो खाली वाकला, "बोक्या, लबाडा!" म्हणाला. आणि तेवढ्यात बोक्याला मागचा माणूस दिसला.

मग काही विचारू नका. बोका केकाटत त्याच्या अंगावर उडाला, पायांत लोळला, पुन्हा उडाला, त्याला तोंडभर चाटून आंघोळ घातली. तो माणूस मातीत बसूनच गेला. "अरे हो, हो, आलो ना मी!"

स्वयंपाक्याचे हात तसेच पसरलेले राहिले. पोटाशी धरून आणलेलं पिल्लू. बाटलीनं दूध पाजलेलं. बोटीवर रात्री झोप येईना की त्याला हेच थोबाड आठवायचं. कुणी कानाखाली वाजवावी तसं झालं त्याला. जनावरसुद्धा फिरलं!

"किती दिवस खायला घालून फितवलंस त्याला?" तो ओरडला.

"फितवलं कसलं? घरचा कुत्रा आहे आमच्या," तो माणूस शांतपणे म्हणाला. "मी सध्या गिरणीमागे मित्राच्या खोलीवर राहतोय. मला हुडकत आला असणार बिचारा."

"घरचा? कुठलं घर?" बाईंनी विचारलं.

"घर याला काय विचारता? मी सांगतो!" स्वयंपाकी मध्येच गरजला. "पाण्याच्या टाकीमागचं, पिवळ्या फाटकाचं बैठं घर. तिथला कुत्रा आहे हा. बोटीवरून सुट्टीला आलोय मी, जाताना त्याला इथं सोडून जाणार नाही!"

माणूस बोक्याला थोपटता थोपटता थांबला. त्यानं स्वयंपाक्याकडे नीट निरखून पाहिलं. मग त्याचा चेहरा हळूहळू खुलला. हात पँटला पुसून तो लगबगीनं उठला.

"बोटीवरचे? अहो, मग आधीच नाही का सांगायचं! ती म्हणाली होती, दादा फार तापट आहे, लग्नाचं त्याला अजून सांगितलेलं नाही, त्याची सुट्टी संपेपर्यंत घराकडे फिरकू नकोस." त्यानं स्वयंपाक्याचा हात दोन्ही हातांत धरला. "पण आता भेट झालीच आहे, तर रागावू नका, दादा. मी तुमच्या बहिणीचा नवरा."