बोटीवरचा फोटो

“जरा डावीकडे घे,” बाबा म्हणाले.

“हो, डावीकडेच बरा दिसेल,” आई म्हणाली.

स्टुलावर चढलेल्या मधल्याची हातोडी हवेतच थांबली. खाली फ्रेम सांभाळत उभ्या असलेल्या थोरल्या बहिणीने त्याला हळूच डोळा घातला. सोफ्यावर पाय पसरून बसलेली धाकटी पुटपुटली, “दृष्ट लागेल हं यांना कोणाची तरी!”

तिचं काही चुकलं नव्हतं. या घरात आईबाबांचा पहिल्यापासून छत्तीसचा आकडा. आईने खिडकी उघडली की बाबा ती लावत. बाबांनी बातम्या लावल्या की आईला नेमका तेव्हाच कोणाला तरी फोन करायचा असे. पडद्यांच्या रंगावरून एवढं महाभारत झालं की खिडक्या शेवटी बिनपडद्याच्याच राहिल्या. त्याच कारणाने या भिंतीवर आजवर एक खिळासुद्धा ठोकला गेला नव्हता.

तिघं मुलं घरात होती तोवर हे भांडण मजेचं वाटायचं. मुलं आपापल्या संसाराला लागली, मध्ये पडायला कोणी उरलं नाही, आणि भांडणाचं रूपांतर अबोल्यात झालं. थोरली दर रविवारी यायची तेव्हा दोघं तिच्यामार्फत बोलायचे. “तुझ्या वडिलांना सांग, चहा झालाय.” “तुझ्या आईला सांग, ठेव म्हणावं तिथे.” चहा गार होऊन जायचा. हे घर मोडणार, या धास्तीने थोरलीची झोप उडाली होती.

थोरली फिजिओथेरपिस्ट. आखडलेला सांधा हलवत राहिलं की मोकळा होतो, यावर तिचा देवाहून जास्त विश्वास. तिने फर्मान काढलं, “यांना घराबाहेर काढायचं. आपण पाचच जण. नवरे, बायका, पोरं कोणी नाही. लहानपणी जायचो तसे.” आणि युरोपच्या सहलीची सगळी आखणी तिने एकटीने केली.

सुरुवात काही बरी झाली नाही. बॅगेवरून विमानतळावरच जुंपली. संग्रहालयात आई एकेका चित्रापुढे ठाण मांडून बसली आणि बाबा बाहेरच्या पायरीवर तोंड फुगवून. मग आला तळ्यावरच्या बोटीचा दिवस. थोरलीने मुद्दाम दोघांना पुढच्या बाकावर बसवलं आणि भावंडांना ओढत मागे नेलं. दोघं बराच वेळ बोलत होते. आवाज न चढवता बोलत होते! मग आई एकदम खळखळून हसली. बाबाही हसले, इतके की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. थोरलीने झटकन फोटो काढला.

तिथून पुढे सहलीचा नूरच पालटला. भाड्याच्या फ्लॅटमध्ये बाबा वॉशिंग मशीनपुढे उभे राहून विचारू लागले, “सुती कपड्यांना कुठलं गं बटण?” आणि आईने एकही टोमणा न मारता त्यांना शिकवलं. बाबांना अंडं फोडायला जमलं तेव्हा तर तिने टाळ्या वाजवल्या. ती स्वतः मधल्याकडून फोनवर विजेचं बिल भरायला शिकली. इतकी वर्षं ते काम बाबांचं. दुकानात गेली की प्रत्येक वस्तू दोन-दोन घ्यायची. दोन लाकडी घड्याळं, दोन टेबलक्लॉथ, दोन फुलदाण्या. “दुकान थाटणार का?” मधल्याने चेष्टा केली. बाबांनी मुकाट्याने पिशव्या उचलल्या. म्हातारपणी का होईना, एकमेकांना धरून राहायला शिकले, या विचाराने थोरलीला भरून आलं होतं.

म्हणून तर आज हा फोटो चांगला हातभर मोठा करून तिने आणला होता.

खिळा ठोकला गेला. फ्रेम चढली. सगळे चार पावलं मागे सरून पाहू लागले. आईचे डोळे पाणावले.

“सुरेख आलाय गं,” ती म्हणाली. “याची अजून एक प्रत मिळेल ना?”

“मिळेल की. पण ती लावणार कुठे? समोर तर ही एकच भिंत आहे.”

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. “सांग. तूच सांगायचं ठरलंय आपलं.”

“माझ्या घरी लावीन,” आई म्हणाली. “बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्या बघितल्यात मी. पुढच्या आठवड्यात किल्ली मिळेल. हे इथेच राहतील.”

धाकटी सोफ्यावर ताठ उठून बसली. आपण चुकीचं ऐकलं असावं, असं थोरलीला मनापासून वाटलं. तिची नजर जेवणाच्या टेबलाकडे गेली. सहलीतलं सामान तिथे अजून खोक्यांत होतं. एका खोक्यात एक घड्याळ, दुसऱ्या खोक्यात एक.

“अहो, पण त्या बोटीनंतर तुम्ही एकदासुद्धा भांडला नाहीत!” तिचा आवाज फाटला. तिने फोटोकडे बोट दाखवलं. “हे बघा ना! हसताय तुम्ही. दोघंही. मग हे हसणं खोटं होतं?”

“खोटं कसं असेल? तेव्हाच तर ठरलं आमचं,” बाबा म्हणाले. फोटोतल्यासारखाच त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. “हसू नाही येणार तर काय होणार गं? लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच आमचं एकमत झालं होतं.”