तासभर मागे
बैरुतच्या इस्पितळाच्या दोन शाखांमधली लाइन तुटली आणि दोन्ही सर्व्हर आपापल्या नोंदी घेत सुटले. त्या जुळवण्याची चाचणी अश्रफिये शाखेत नायलानं वडिलांच्याच नोंदीवर घेतली. नियम एकच: नंतरची नोंद खरी. इथं लिहिलं होतं, ‘पेनिसिलिन चालतं.’ त्यांना हमरा शाखेत हलवल्यावर पेनिसिलिननंच त्यांचा श्वास कोंडला, तेही तिथं लिहिलेलं. चाचणीत उरलं, ‘चालतं.’ चुळबुळत तिनं हमराचा सर्व्हर सांभाळणाऱ्या घस्सानला फोन लावला. “तुझ्याकडे किती वाजले?” “अकरा.” तिच्याकडे बारा. “उन्हाळी वेळेसाठी तुम्ही चर्चचं ऐकून घड्याळ तासभर पुढं केलंत; सरकारनं ते लांबवलं, आम्ही सरकारचं ऐकलं.” “म्हणजे तुमची नवी नोंद जुनी ठरतेय. खऱ्या नोंदी जुळवू नकोस.” “साहेबांनी मघाशीच उरकलं.” तिनं वडिलांना फोन केला. “नर्स पेनिसिलिनचीच सुई भरतेय. नको म्हटलं, तर म्हणते, कॉम्प्युटरपेक्षा तुम्हाला कळतं का?” “बाबा, तिच्या हातातली सुई काढून घ्या. फोन तिला द्या.”