टॅन आंटींचं किचन

प्रकाशची छोटीशी कंपनी लोकांची घरं नव्यानं करून द्यायची. क्लेमेंटी भागातल्या एका फ्लॅटमधली भिंत पाडायचं काम मिळालं. पण खालीच राहायच्या टॅन आंटी, एका तक्रारीत काम बंद पाडणाऱ्या! म्हणून रोज सकाळी ड्रिलला हात लावण्याआधी प्रकाश त्यांच्या दारात हजर, हातात बायकोनं लावलेलं खमंग, गरम थालीपीठ.

"सॉरी हं आंटी, आजही जरा आवाज होईल."

महिना सरला, तक्रार नाही. शेवटच्या दिवशी तो हसत म्हणाला, "सुटलात आंटी! उद्यापासून सगळं शांत."

आंटींचा चेहराच उतरला. त्याला हाताला धरून त्यांनी आपल्या लख्ख, नव्याकोऱ्या किचनमध्ये नेलं आणि आपल्या सिंगापुरी ढंगात म्हणाल्या,

"हे सगळं फोड. पण घाई नको लाह, दोन महिने तरी लाव."