कासाराचा हात

"मावशी, बघा रेघा कशा उड्या मारतायत!" रोहिदास हरखून म्हणाला. मनगटाला चिकटवलेल्या तारांतून त्याच्या नसांचे विद्युत् संकेत पडद्यावर उमटत होते. हात मात्र समोर बसलेल्या हौसाबाईंच्या यजमानांचा होता. ते गेल्यावर हौसाबाईंनीच तो लेथवर हात गमावलेल्या रोहिदासला जोडायला दिला होता.

"निळ्या रेघा याच्या नव्या नसांच्या, पिवळ्या जुन्या हाताच्या सवयींच्या," डॉक्टर म्हणाले. "आज पिवळी एकही नाही. हात आता पुरता याचा झाला."

"बरं झालं," हौसाबाई म्हणाल्या.

दर तपासणीला त्या येत आणि आपला हात त्या हातात ठेवत. जन्मभर बायकांना बांगड्या भरत आलेला तो कासाराचा हात, रोहिदासच्या नकळत, त्यांचा तळवा दाबून मऊ करी, बोटं जुळवून घेई. बांगडी चढवण्याआधी यजमान असंच करायचे.

आजही त्यांनी बोटं जुळवून रितं मनगट पुढे केलं. रोहिदासने त्यांचा हात दोन्ही हातांनी धरून कपाळाला लावला.

"आशीर्वाद द्या, मावशी."

"सुखी राहा, बाबा."

बोटं मात्र त्यांनी अजून जुळवूनच धरली होती.