बारा जीवरक्षक

"मारा उडी," प्रशिक्षक म्हणाला आणि त्याने हातातलं घड्याळ सुरू केलं.

तिचा नवरा पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभा होता. यादीत पहिलं नाव त्याचं. अंगात योजनेतून मिळालेली लाल चड्डी, गळ्यात शिट्टी, आणि मागे रांगेत आणखी अकरा जण, सगळे परवापरवापर्यंतचे मासेमार. समोर बारा फूट खोल निळं पाणी होतं. पाण्याला औषधाचा वास येत होता.

ती कठड्यापलीकडे इतर बायकांबरोबर बसली होती. बायकांना फोटोसाठी बोलावलं होतं. तिच्या अंगाची नुसती लाही लाही होत होती. तिच्या नवऱ्याला पोहता येत नव्हतं आणि ही गोष्ट त्या अख्ख्या आवारात तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती.

सकाळपासून ती त्याच्यामागे लागली होती. "अहो, सांगून टाका ना एकदाचं."

"काय सांगू? वीस वर्षं समुद्रावर काढली आणि पोहता येत नाही म्हणून? तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

वीस वर्षांत तो एकदाही होडीतून पडला नव्हता. मासे धरणाऱ्याला पाण्यावर राहायचं कसब लागतं, पाण्यात शिरायचं नाही. घरात पोहणारी एकटी तीच. आईबरोबर खडकांशी बुड्या मारून शिंपले काढत ती मोठी झाली होती. पण योजनेत बायकांना मेणबत्त्या करायला शिकवायचं ठरलं होतं. मग ती मेणबत्त्या करायला शिकली.

बंदर मोठं करायचं म्हणून मासेमारी बंद झाली आणि वस्तीत 'पर्यायी रोजगार' आला. होड्या आधी यंत्राखाली घालून मोडल्या, रोजगाराचं नंतर बघू म्हणाले. मग पुरुषांना नव्या हॉटेलांच्या किनाऱ्यावर जीवरक्षक करायचं ठरलं. पंधरा दिवस त्यांना वर्गात बसवलं. झेंड्यांचे रंग, शिट्टी कधी वाजवायची, रबरी बाहुल्याची छाती कशी दाबायची, पाहुण्यांशी गोड कसं बोलायचं. पोहण्याचा तास मात्र नव्हता. "तुम्हाला पोहणं आम्ही काय शिकवणार!" म्हणून योजनेचे साहेब हसले होते. सगळा वर्ग हसला होता. तिचा नवरा तर सगळ्यात मोठ्याने. आज थेट पाण्यातली परीक्षा होती.

आत्ता ओरडावं, असं तिला वाटत होतं. पण ओरडली की नोकरी गेली. होडी तर आधीच गेलेली. मग घरात उरणार काय, तर मेणबत्त्या. म्हणून ती दातओठ खात गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्याचाच तिला जास्त संताप आला.

त्याने मान वळवून एकदा तिच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून उडी मारली.

पाणी उडालं आणि शांत झालं. तो वर आला नाही.

"बघा, याला म्हणतात दम," प्रशिक्षक कौतुकाने म्हणाला. साहेबांनी फोटोवाल्याला खूण केली. रांगेतून कोणीतरी बोललं, "तळ मोजून येतोय वाटतं!" दोघं-तिघं हसले. पाण्याखाली तो हातपाय झाडत होता, पण त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. समुद्रावरचा माणूस, त्याला कसली भीती!

ती कठडा ओलांडून धावली.

"अहो बाई, चपला! चपला काढा!" प्रशिक्षक ओरडला.

ती चपलांसकट, साडीसकट पाण्यात गेली. नवऱ्याच्या केसांना धरून तिने त्याला वर ओढलं आणि काठाशी आणलं. रांगेतल्या दोघांनी त्याला बाहेर घेतलं. तो पालथा पडून पाणी ओकत राहिला. श्वास चालू होता. ते बघितलं आणि तिचा राग उलट दुप्पट झाला.

"हा काय तमाशा आहे?" साहेब तावातावाने आले. "पोहता येत नाही तर नाव कशाला दिलं? ही सरळ सरळ फसवणूक आहे."

"नाव त्यांनी नाही दिलं. होडीच्या कागदावरून तुम्हीच उतरवून घेतलंत. होडी मोडताना शंभर प्रश्न विचारलेत, साहेब. लांबी किती, इंजिन कुठलं, जाळी किती. पोहता येतं का, हे कोणाच्या बापाने विचारलं?"

"ते काय विचारायचं असतं?" साहेबांनी तिच्याकडे पाठ फिरवली. "याचं नाव काटा. चला, पुढचा."

पुढचा म्हणजे वस्तीचा तांडेल. सगळ्यात मोठी बोट तीस वर्षं त्याने चालवलेली. त्याच्यापुढे वर मान करून बोलायची कोणाची टाप नव्हती. तो काठाशी आला. शिट्टीची दोरी त्याने मुठीत आवळून धरली होती. तिने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. हेच डोळे ती सकाळभर घरात बघत होती.

ती जाऊन त्याच्या आणि पाण्याच्या मधे उभी राहिली. साडीतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

"ज्याला ज्याला पोहता येत नाही, त्याने हात वर करा," ती रांगेवर कडाडली. "आत्ताच्या आत्ता. मी किती जणांमागे उड्या मारू?"

कठड्यापलीकडे तांडेलाची बायको उठून उभी राहिली होती, पदराचा बोळा तोंडात कोंबून. मग तांडेलाने मान खाली घालूनच हात वर केला. त्याच्या मागच्याने केला. त्याच्याही मागच्याने केला.

रांगेत एकही हात खाली राहिला नाही.