केरबाच्या नावाची पट्टी

घाटाच्या चौथ्या वळणावर बस आपोआप थांबली आणि मागून सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स आली. केरबा ड्रायव्हर स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला.

डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. "काका, हलू नका. तुम्हाला हार्ट अटॅक आलाय. तुमच्या छातीवरच्या पट्टीनं बस थांबवली आणि बसनं आम्हाला बोलावलं."

"मला काय धाड भरलीया? ठणठणीत हाय मी," केरबा म्हणाला, पण त्याचं तोंड उतरलं होतं.

बाईंनी शर्टाची बटणं सोडली. छातीवर पट्टी नव्हतीच.

गेल्या वर्षी त्याच्या छातीत कळ यायला लागली होती. डेपोनं प्रत्येक ड्रायव्हरला सक्तीनं लावलेल्या पट्टीला ते कळलं असतं, तर त्याच दिवशी त्याच्या हातातून गाडी काढून घेतली असती. तेव्हापासून रोज सकाळी त्याचा डबा भरून झाला, की हौसा त्याची पट्टी आपल्या छातीवर लावून घ्यायची. बायकोचं काळीज धडधाकट आहे, याची त्याला खात्री होती.

आज निघताना ती म्हणाली होती, "अवो, जबडा ठणकाय लागलाय. पाठ बी भरून आलीया."

"पित्त असंल, सोडा घे," म्हणत त्यानं आपल्याच हातानं पट्टी तिच्या छातीवर दाबून बसवली होती.

"काका, पट्टी कुठंय?" बाई ओरडल्या.

"घरी," केरबा कसाबसा म्हणाला. "घरी चला."

घर दीड तास मागं राहिलं होतं. बाईंच्या हातातल्या पडद्यावर केरबाचं नाव होतं आणि त्याच्याखालची रेघ सपाट झाली होती.