दुसऱ्या माणसाचा समुद्र

“दुसऱ्या माणसाला काढून टाकते,” गायत्री म्हणाली. लॅपटॉपवरच्या एक्केचाळीस ओळी निळ्या झाल्या.

“कोणाला गं?” वसुमतीआत्यानं मान वर केली नाही. ती डाव्या हातानं वहीत श्रीरामजयम् लिहीत होती. रोज एकशे आठ वेळा, तमिळ अक्षरांत. मागच्या आडी महिन्यात, आषाढाच्या सुमारास, उजवं अंग गेलं, तेव्हापासून उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. शेजारी डबऱ्यात, पसरट पितळी वाटीत, कॉफी गार होत होती. तिच्यावर साय धरली होती.

*६ फेब्रुवारी, दुपार. वारा नैर्ऋत्येचा, जोराचा. आकाश भरलेलं. बर्फ दूर. समुद्र १.२ अंश.*

ही पहिल्या माणसाची शेवटची ओळ. नव्वद वर्षांपूर्वी, दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात, देवमासे मारणाऱ्या एका जहाजावर लिहिलेली. रोज दुपारी कॅनव्हासची बादली दोरानं खाली सोडायची, पाणी वर ओढायचं, त्यात थर्मामीटर बुडवायचा, अंश वहीत लिहायचा. त्या वहीचे फोटो आता गायत्रीकडे होते. ती गोव्याला ध्रुवीय समुद्रांवर काम करायची. सुट्टी काढून तंजावूरला आत्याजवळ आली होती, पण काम काही सुटत नव्हतं.

“तिथला समुद्र हवेपेक्षा ऊबदार असतो, आत्या. पाणी शून्याच्या आसपास, पण वर हवा उणे दहा. समुद्राची ऊब सारखी हवेत जात असते. किती जाते ते आम्ही काढतो. त्या काळी तिथं मोजणारेच किती? एकेक आकडा सोन्याचा.”

“मग सोनं टाकतेस कशाला?”

“खोटं आहे म्हणून. पहिला माणूस चोख. दुसरा आला आणि समुद्र एकदम एक अंशानं थंड! शेजारच्या जहाजानं त्याच आठवड्यात चारदा मोजलंय, तिथं काही फरक नाही. आणि ह्याचा पहिल्या दिवसाचा कारभार तर बघ.”

*७ फेब्रुवारी, दुपार. —. —. —. समुद्र ०.३ अंश.*

“वारा नाही, ढग नाहीत, बर्फ नाही. कामचोर मेला! सहा वाजता यादी पाठवायची आहे. एकदा गेला की गेला, परत कोणी उघडून बघणार नाही.”

“अय्यो, थांब. दाखव.”

आत्यानं तीस वर्षं ओरत्तनाडूच्या नोंदणी कचेरीत काढली होती. कोणत्या मुलानं बापाची सही ठोकली, ते कागद टेबलावर टेकायच्या आत तिला कळायचं. तिनं लॅपटॉप डाव्या हातानं ओढून घेतला. पहिलं अक्षर उजवीकडे झुकलेलं, घोटीव. दुसरं म्हणजे गजा वादळानंतरचे ओरत्तनाडूचे आडवेतिडवे माड.

“हा चार बघ. वरून उघडा. सातच्या पोटात रेघ. इकडे पण, तिकडे पण.”

“एका शाळेतले असतील.”

“आणि ओळ संपली की ठिपका, त्याच्या खाली आणखी एक. हे पण शाळेनं शिकवलं होय?”

“आत्या, मधे एक दिवससुद्धा सुटलेला नाही. सहा तारखेला एक हात, सातला दुसरा. माणूस बदलल्याशिवाय असं होईल का?”

आत्यानं वह्यांच्या चळतीतून मागच्या वर्षीची वही काढली, अंगठ्यानं पानं सरकवली आणि गायत्रीसमोर ठेवली.

डाव्या पानावर एकशे आठ श्रीरामजयम्. मोती ओवल्यासारखे.

उजव्या पानावर दुसऱ्या दिवसाची तारीख. गायत्रीला तो दिवस आठवला. इस्पितळ, नाकात नळी, आत्या डोळ्यांनी पेन मागतेय आणि नर्स सगळ्यांवर ओरडतेय. पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, लोळत गेलेलं, एक श्रीरामजयम्. एकच.

“ह्या वहीत माणसं किती?” आत्यानं विचारलं.

गायत्री पानाकडे बघत राहिली. मग डबऱ्याकडे.

“एकशे आठला किती वेळ लागतो गं आता?”

“पहिले अर्धा तास. आता दोन. म्हणून तर ही गार कॉफी नशिबी आली.”

बादली.

दोन हात असले की बादली वर, थर्मामीटर आत, आकडा वहीत. पाण्याला पत्ताही लागत नाही. एक हात असला की दोर दातात. ओढायचं, दाबून धरायचं, पुन्हा ओढायचं. बादली डेकवर टेकवायची, मग थर्मामीटर, मग पेन. तोवर ओला कॅनव्हास आणि उणे दहाचा वारा. समुद्र थंड झालाच नव्हता. आपली ऊब तो हवेला बादलीतूनच देत होता, जितका वेळ त्या एका हाताला लागला तितका वेळ. गायत्री जे शोधत होती ते त्या बादलीत घडत होतं. आणि वेळ आणि वारा धरला तर त्याचा हिशोब लावता येत होता.

हात कशानं गेला, दोरानं की सुऱ्यानं, ते वहीत नव्हतं. पुढे एक्केचाळीस दुपारी होत्या. एकही रिकामी नव्हती.

तिनं निळ्या ओळी सोडून दिल्या. नोंद करणाऱ्याच्या रकान्यात ‘दुसरा’ खोडून ‘पहिला’ लिहिलं, एक्केचाळीस वेळा, आणि मग सात तारखेशी परत आली.

वारा नव्हता, ढग नव्हते, बर्फ नव्हतं. समुद्र होता, ०.३ अंश. एकशे आठांतला तेवढा एक होता.